घोरण्यामधली शांतता

घोरणाऱ्या माणसाची थट्टा करायला आपल्याकडे कुणाची परवानगी लागत नाही. लग्नघरात, एसटीच्या रातराणीत, रेल्वेच्या डब्यात एखाद्याचा सूर लागला की बाकीचे एकमेकांकडे बघून हसतात. 'काय डाराडूर झोपलाय!' असं म्हणतात, आणि त्या म्हणण्यात थोडा हेवाही असतो. कुंभकर्णाची गोष्ट तर आपण लहानपणापासून ऐकतो. घोरणं म्हणजे गाढ झोप, आणि गाढ झोप म्हणजे निर्धास्त, निरोगी माणूस, असा हिशेब आपल्या मनात पक्का बसलेला आहे.

हा हिशेब चुकीचा कसा ठरला, त्याची गोष्ट आज सांगायची आहे. मी वैद्य नाही, डॉक्टर नाही. कलाशाखेचा पदवीधर आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण कविता लिहिणाऱ्याला एक सवय असते. शब्द जितके ऐकायचे तितकीच त्यांच्यामधली थांबण्याची जागाही ऐकायची. छंदात यती चुकली की कान लगेच पकडतो. घोरण्याचंही तसंच आहे. आवाज सगळ्यांनी ऐकला, पण त्या आवाजाच्या मधे काही माणसांमध्ये अधूनमधून एक शांतता येते. दहा सेकंद, वीस सेकंद, कधी मिनिटभर. मग एक मोठा हुंदक्यासारखा आवाज होतो आणि पुन्हा घोरणं सुरू होतं. धोका होता तो या शांततेत. ती नीट ऐकायला वैद्यकशास्त्राला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

आधी या शांततेत काय घडतं ते बघू. आपण झोपलो की शरीराचे स्नायू सैल पडतात. घशाचेही पडतात. घशाची नळी काही लोखंडी पाइप नव्हे, ती मऊ मांसल असते. सैल पडल्यावर ती अरुंद होते, आत जाणाऱ्या हवेने तिच्या भिंती थरथरतात, आणि त्या थरथरीला आपण घोरणं म्हणतो. मानेभोवती चरबी असेल, टॉन्सिल वाढलेले असतील, खालचा जबडा लहान असेल, तर ही नळी कधीकधी पूर्णच मिटते. छाती श्वास घ्यायला धडपडत असते, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो. शेवटी मेंदू दचकतो, झोप क्षणभर उचकते, घसा उघडतो आणि श्वास परत येतो. झोपलेल्या माणसाला यातलं काहीही आठवत नाही. पुन्हा झोप, पुन्हा घसा बंद. याला 'स्लीप अ‍ॅप्निया' म्हणतात. अ‍ॅप्निया हा मूळचा ग्रीक शब्द, अर्थ 'श्वास नसणं'.

असा खंड किमान दहा सेकंदांचा असेल तर डॉक्टर तो मोजतात. पूर्ण बंद पडलेले आणि अर्धवट अडलेले असे श्वास मिळून तासाला पाचापेक्षा कमी खंड असले तर काळजी नाही. तीस किंवा त्याहून जास्त असतील तर आजार तीव्र समजतात. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशे दहा वेळा. निरोगी माणसाच्या रक्तात ऑक्सिजनचं प्रमाण साधारण पंचाण्णव टक्क्यांच्या वर असतं. या आजारात ते एका रात्रीत कितीतरी वेळा ऐंशीपर्यंत, काहींच्या बाबतीत त्याहूनही खाली जाऊन परत वर येतं. माणूस सकाळी उठतो, दाढी करतो, चहा घेतो, कामाला जातो. रात्रीची आठवण त्याला नसते. त्याच्या धमन्यांवर मात्र ती उमटलेली असते.

आता इतिहास. तो सुरू होतो एका विनोदी पात्रापासून. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६ आणि १८३७ मध्ये हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली. तिच्यात जो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो नोकर आहे, सतत खातो, आणि काम करता करता, उभ्या उभ्यासुद्धा झोपी जातो. वाचकांनी त्याला बघून पोटभर हसून घेतलं. डिकन्सचं निरीक्षण बारीक होतं. आजचे डॉक्टर त्या वर्णनात आजाराची लक्षणं बघतात. पण त्या काळात तो फक्त विनोद होता.

खरं तर ऐकणारे कान अगदीच नव्हते असं नाही. १८७७ मध्ये लंडनच्या विल्यम ब्रॉडबेंट या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की, उताणं झोपून मोठ्याने घोरणाऱ्या वयस्क माणसांत मधूनच घशातला अडथळा ओलांडायला श्वास कमी पडतो, काही क्षण पूर्ण शांतता पसरते आणि मग श्वास धाडकन परत येतो. किती नेमकं वर्णन! पण ते मागे पडलं. १८८९ मध्ये लिव्हरपूलच्या रिचर्ड कॅटन यांनी कोंबड्या विकणाऱ्या एका माणसाची हकीकत लंडनच्या डॉक्टरांच्या सभेत सांगितली. हा माणूस खुर्चीत बसला की झोपायचा, आणि गाढ झोपेत त्याचा श्वास अडायचा. हे कॅटन म्हणजे काही साधे गृहस्थ नव्हेत. प्राण्यांच्या मेंदूत विजेचे सूक्ष्म प्रवाह वाहतात हे १८७५ मध्ये दाखवून देणारे ते हेच. पण सभेत त्या रोग्याची तुलना झाली ती पिकविकमधल्या लठ्ठ पोराशी. इथून जी थट्टा चिकटली ती पुढची सत्तर-ऐंशी वर्षं सुटली नाही.

१९५६ साली तर ती आजाराच्या नावातच जाऊन बसली. त्या वर्षी अमेरिकेत बॉस्टनमध्ये सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. बरवेल हे हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता. त्यांचा रोगी होता एक्कावन्न वर्षांचा, अतिशय स्थूल असा कंपनीतला अधिकारी. त्याला पत्त्यांचा नाद. एका संध्याकाळी पोकर खेळताना त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन राजे आले. असे पत्ते आले की माणूस सावरून बसतो. हा बसल्या बसल्या झोपला, आणि डाव हातचा गेला. त्यानंतर काही दिवसांनी तो रुग्णालयात दाखल झाला. बरवेल यांनी या आजाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं.

नाव गाजलं, पण निदान अर्धंच होतं. लठ्ठपणामुळे श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, त्याने गुंगी येते, असा त्यांचा तर्क होता. तोही काही रोग्यांच्या बाबतीत खरा आहे. पण रोगी रात्री झोपल्यावर त्याच्या श्वासाचं काय होतं, हे रात्रभर शेजारी बसून कुणी मोजलं नव्हतं. रुग्णालयं दिवसा तपासतात आणि हा आजार रात्री येतो. शिवाय नावामुळे आणखी एक नुकसान झालं. हा फक्त फार लठ्ठ माणसांचा आजार, अशी समजूत पसरली. अंगाने बेताची असलेली माणसं आणि बायका त्या चित्रात बसत नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे बघायचं राहूनच गेलं.

कोंडी फुटली ती युरोपात. मेंदूतल्या विजेचा आलेख काढण्याचं तंत्र तोवर रुळलं होतं, आणि झोपेच्या वेगवेगळ्या अवस्था असतात हेही कळलं होतं. १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात आँरी गास्तो आणि त्यांचे सहकारी, आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये रिचर्ड युंग आणि वोल्फगांग कुलो, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे या 'पिकविकियन' रोग्यांच्या झोपेचे आलेख काढले. मेंदूबरोबर श्वासही मोजला. आणि कागदावर ती शांतता प्रथमच उमटली. रोगी दिवसा पेंगतो, कारण रात्री त्याची झोप शेकडो वेळा मोडते, हे आता डोळ्यांना दिसलं. १९६९ मध्ये कुलो यांनी मानेला छिद्र पाडून श्वासनळीत थेट हवा सोडण्याचा उपाय केला. घशातला अडथळा वगळला गेला आणि रोगी सुधारला. म्हणजे दोष फुप्फुसात नव्हता. वाट वरच, घशात अडत होती.

इथपर्यंतची गोष्ट झोपेची आणि श्वासाची. ती धमन्यांपर्यंत नेली इटलीतल्या बोलोन्या शहराने. तिथे एलिओ लुगारेझी आणि जॉर्जो कोकान्या यांनी अशा रोग्यांच्या धमनीतला रक्तदाब रात्रभर सलग मोजला. आपल्यासारख्यांचा रक्तदाब रात्री साधारण दहा ते वीस टक्क्यांनी उतरतो. दिवसभर दाब सोसणाऱ्या धमन्यांना मिळणारी तेवढीच सुट्टी. पण या रोग्यांचा दाब रात्री उतरतच नव्हता. प्रत्येक खंडाबरोबर तो चढत जायचा आणि श्वास परत आल्यावर उसळी मारायचा. १९७२ मध्ये रिमिनी इथे या विषयावर परिषद भरली. त्याच वर्षी क्रिस्तियाँ गिलमिनो हे फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात गेले. १९७६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केलं. त्याच वर्षी त्यांनी आठ मुलांची हकीकतही प्रसिद्ध केली. त्यातल्या काही मुलांचा रक्तदाब त्या कोवळ्या वयातच वाढलेला होता. पिकविकचा लठ्ठ पोरगा हसण्याचा विषय नव्हता, हे इथे कायमचं ठरलं.

लुगारेझी रुग्णालयातच थांबले नाहीत. इटलीच्या कुशीत सान मारिनो नावाचं एक चिमुकलं राष्ट्र आहे. तिथल्या पाच हजारांहून अधिक लोकांची त्यांनी पाहणी केली आणि १९८० मध्ये ती प्रसिद्ध केली. नेहमी घोरणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळला. शेजाऱ्यापाजाऱ्यांची झोप मोडणाऱ्या एका आवाजाचा धमन्यांशी संबंध असल्याचं गावोगावच्या साध्या माणसांतही दिसू लागलं.

पण संबंध दिसणं वेगळं आणि कारण सापडणं वेगळं. घोरणारी माणसं बरेचदा स्थूल असतात, वयस्क असतात. मग दोष घोरण्याचा की वजनाचा? हे ठरवायला दोन गोष्टी हव्या होत्या. झोपेत ऑक्सिजन मोजण्याचं सोपं साधन, आणि वजनाचा प्रश्न बाजूला ठेवणारा प्रयोग.

साधनाची गोष्ट तुमच्या घरातलीच आहे. २०२० आणि २०२१ मध्ये करोनाच्या दिवसांत आपण सगळे बोटाला चिमटा लावून आकडा बघत होतो. ते ऑक्सिमीटर. कानाच्या पाळीतून प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजण्याचे प्रयत्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उंच उडणाऱ्या वैमानिकांसाठी झाले होते. पण आज आपण वापरतो त्याची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी या अभियंत्याची, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. ते प्रकाशाने दुसरंच काही मोजत होते आणि नाडीच्या ठोक्यांनी त्यांचा आलेख सारखा बिघडत होता. त्या बिघाडातच धमनीतल्या रक्ताची माहिती आहे, हे त्यांनी ओळखलं. आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. त्या वेळी सारं जग त्यांच्या साधनाकडे डोळे लावून बसलं होतं. या साधनामुळे रोग्याला सुई न टोचता रात्रभराचा ऑक्सिजनचा चढउतार कागदावर आणता येऊ लागला.

आता प्रयोग. आपल्या मानेत, मेंदूकडे जाणारी धमनी जिथे दुभंगते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. तो रक्तातल्या ऑक्सिजनची चव घेत बसलेला असतो. बेल्जियमचे कॉर्नेल हेमान्स यांना या शोधाबद्दल १९३८ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ऑक्सिजन कमी झाला की हा पहारेकरी आरडाओरडा करतो आणि शरीरातली संकटाची यंत्रणा जागी होते. धमन्या आकसतात, दाब चढतो. खऱ्या संकटात हे उपयोगाचंच. पण रोज रात्री दोनशे वेळा खोटी आग लागली, तर? अमेरिकेतले यूजीन फ्लेचर यांनी १९९२ मध्ये हेच करून पाहिलं. त्यांनी उंदरांना पेट्यांत ठेवून रोज काही तास दर अर्ध्या मिनिटाला हवेतला ऑक्सिजन काही सेकंद कमी केला आणि पुन्हा पूर्ववत केला. पस्तीस दिवसांनी त्या उंदरांचा रक्तदाब दिवसासुद्धा, साध्या हवेतसुद्धा, चढलेला होता. ज्यांच्या मानेतल्या त्या पहारेकऱ्याच्या नसा आधीच तोडल्या होत्या, त्यांचा मात्र चढला नाही.

१९९७ मध्ये कॅनडातल्या टोरोंटोमध्ये कुत्र्यांवर आणखी एक प्रयोग झाला. झोपेत त्यांचा श्वासमार्ग मुद्दाम बंद केला, तेव्हा काही आठवड्यांत त्यांचा दिवसाचा रक्तदाबही वाढला. नुसती झोपमोड केली, श्वास अडवला नाही, तेव्हा दिवसाचा दाब तसा वाढून राहिला नाही. त्या कुत्र्यांचं ना वजन वाढलं होतं, ना त्यांना कचेरीची काळजी होती. श्वास अडण्यानेच धमन्यांवर भार पडतो, याचा हा बळकट पुरावा होता.

इथे एक प्रश्न मनात येतो. लडाखसारख्या उंच मुलखात हवा विरळ असते, तरी माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या राहतात. मग रात्री थोडा ऑक्सिजन कमी झाला तर एवढं काय बिघडतं? याचं उत्तर असं की, सतत कमी असण्याची शरीर सवय करून घेतं. पेशी ऑक्सिजनची उणीव कशी ओळखतात आणि तिच्याशी कसं जुळवून घेतात, या शोधाबद्दल २०१९ चं नोबेल तिघा शास्त्रज्ञांना मिळालं. पण सतत वर-खाली होण्याची सवय शरीराला लागत नाही. ऑक्सिजन उतरतो हे अर्धं दुखणं. तो एकदम परत येतो तेव्हा पेशींमध्ये घातक, अतिक्रियाशील कण तयार होतात, हे दुसरं अर्धं. रोज तेवढाच कमी पगार मिळाला तर घर कसंबसं चालतं. पण आज पगार, उद्या नाही, परवा एकदम सगळा, असं झालं तर घर मोडतं. धमनीचं असंच होतं.

धमनीला आतून एक अस्तर असतं, एका पेशीच्या जाडीचं. फार दिवस लोकांना वाटत होतं की ते नुसतं अस्तर आहे. प्रत्यक्षात ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, आणि त्यामुळे धमनी सैल, मोकळी राहते. त्या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. ऑक्सिजनच्या चढउतारातून निर्माण झालेले घातक कण हा वायू नासवतात. धमनी ताठर होते, अस्तर चिकट होतं, त्यावर दाहक पेशी येऊन बसतात, आणि चरबीचा थर धरायला जागा मिळते. २००४ मध्ये हाँगकाँगच्या डॉक्टरांनी दाखवलं की स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांच्या धमन्या प्रसरण पावायला कमी पडतात, आणि उपचारांनी त्या सुधारतात. २००७ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या एका प्रयोगात असं दिसलं की, नुसत्या चरबीयुक्त आहाराने किंवा नुसत्या ऑक्सिजनच्या चढउताराने थर बसले नाहीत. दोन्ही एकत्र आल्यावर बसले. म्हणजे तळकट खाणं आणि अडलेला श्वास हे एकमेकांचे साथीदार आहेत.

ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांनी माणसांच्या मानेतल्या धमनीची जाडी आणि ताठरपणा मोजला. दुसरा कोणताही मोठा आजार नसलेल्या, पण स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या माणसांच्या धमन्या त्यांना जाड आणि ताठर आढळल्या. २००७ मध्ये त्यांनी चोवीस रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला चार महिने उपचार दिले, दुसऱ्याला दिले नाहीत. उपचार मिळालेल्यांच्या धमन्यांत सुधारणा दिसली. प्रयोग लहान होता, पण धमनीला झालेली इजा काही अंशी भरून येऊ शकते, ही आशा त्यात होती.

आता हा उपचार कोणता? त्याचा जन्म ऑस्ट्रेलियात सिडनीला झाला. कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी असा विचार केला की, घशाची नळी मिटते ना, मग नाकावाटे हवेचा हलका दाब सतत दिला तर ती उघडी राहील. फुग्यात हवा असली की तो मिटत नाही, तसं. जून १९८० मध्ये त्यांनी एका रोग्यावर हे करून पाहिलं. हवा फेकायला व्हॅक्यूम क्लीनरसारखी मोटर उलटी चालवली होती. कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तो माणूस रात्रभर सलग झोपला. १९८१ मध्ये पाच रोग्यांवरचे अनुभव प्रसिद्ध झाले. मानेला छिद्र पाडण्याची पाळी टळली. आज 'सीपॅप' नावाने मिळणारं, उशाशी ठेवायचं यंत्र ते हेच.

आजार किती पसरला आहे, हे १९९३ मध्ये कळलं आणि डॉक्टर चक्रावले. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात तीस ते साठ वयाच्या नोकरदारांची झोप तपासली. तासाला पाच किंवा अधिक खंड चोवीस टक्के पुरुषांत आणि नऊ टक्के स्त्रियांत आढळले. दवाखान्यात येणाऱ्यांत तोवर बायका अगदीच मोजक्या असत. त्यांना आजार कमी होता हे खरं, पण त्याहीपेक्षा त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. याच पाहणीतल्या माणसांचा चार वर्षं पाठपुरावा केल्यावर २००० मध्ये दिसलं की, तासाला पंधरा किंवा अधिक खंड असणाऱ्यांना नव्याने रक्तदाब जडण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती. वय आणि वजन हिशेबात धरूनसुद्धा. आपल्या मुंबईत झारीर उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी पस्तीस ते पासष्ट वयाच्या, नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. झोपेतल्या श्वासाचा बिघाड साडेएकोणीस टक्क्यांत, आणि दिवसा पेंग येण्यासह पूर्ण आजार साडेसात टक्क्यांत. २०१९ मधल्या एका अंदाजानुसार जगात तीस ते एकोणसत्तर वयाच्या सुमारे ९३ कोटी ६० लाख लोकांना हा आजार कमी-अधिक प्रमाणात आहे.

एवढं सगळं ऐकल्यावर वाटेल की आता गोष्ट संपली. रात्री यंत्र लावा आणि हृदयविकार टाळा. २००५ मध्ये स्पेनमधल्या सारागोसाच्या एका दीर्घ अभ्यासाने तसंच सुचवलं होतं. तीव्र आजार असून उपचार न घेतलेल्या पुरुषांत हृदयविकार आणि पक्षाघात जास्त झाले, यंत्र वापरणाऱ्यांत कमी. पण यंत्र नेमाने वापरणारा माणूस गोळ्याही नेमाने घेतो, पथ्यही पाळतो. मग श्रेय कुणाला द्यायचं? म्हणून भारतासह सात देशांत मिळून २,७१७ रोग्यांवर मोठी चाचणी झाली. त्यांना आधीच हृदयाचा किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार होता. कुणाला यंत्र द्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. २०१६ मध्ये निकाल लागला. यंत्र दिलेल्या गटात झटके कमी झाले नाहीत.

हा निकाल लपवून ठेवण्यासारखा नाही आणि घाबरण्यासारखाही नाही. तो नीट वाचायला हवा. त्या रोग्यांनी यंत्र रात्री सरासरी ३.३ तासच वापरलं. अर्ध्याहून अधिक झोप बिनयंत्राचीच गेली. ज्यांना दिवसा फार पेंग येत होती किंवा ज्यांचा ऑक्सिजन फारच उतरत होता, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं, कारण त्यांना उपचाराविना ठेवणं योग्य नव्हतं. आणि ज्यांच्या धमन्या आधीच खराब झाल्या होत्या त्यांच्या बाबतीत उशीर झालेला असू शकतो. यंत्र वापरणाऱ्यांची पेंग मात्र कमी झाली, मन हलकं झालं, कामावरच्या रजाही कमी झाल्या. त्याआधी २०१४ मध्ये अमेरिकेत आणखी एक गोष्ट कळली होती. रात्री नुसता ऑक्सिजन नाकाशी लावून रक्तदाब उतरला नाही, पण घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राने उतरला. बंद दारासमोर धान्याची पोती रचून घरात चूल पेटत नाही, आधी दार उघडावं लागतं. २०१९ मधल्या एका अभ्यासाने असंही दाखवलं की, तासाला किती वेळा श्वास अडला एवढं मोजून भागत नाही. ऑक्सिजन किती खोल आणि किती वेळ उतरला, यावर हृदयविकाराने मरण येण्याचा धोका अधिक नेमका कळतो.

या इतिहासातून मला एक गोष्ट उचलावीशी वाटते. हा आजार ज्याला होतो त्याला तो दिसत नाही. तो झोपलेला असतो. ती शांतता ऐकतं ते शेजारचं माणूस. बहुतेक घरांत बायको. श्वास थांबला की तिचाही श्वास अडतो, ती हलवून जागं करते, आणि सकाळी सांगते तेव्हा घरातले हसतात. 'तूच जास्त ऐकतेस,' असं म्हणतात. बाईच घोरत असेल तर ती लाजेने गप्प राहते आणि नवराही बाहेर बोलत नाही. ब्रॉडबेंट यांनी १८७७ मध्ये जे लिहिलं, ते कितीतरी घरांतल्या बायकांना त्याआधीच ठाऊक असणार. त्यांना कुणी विचारलं नाही, एवढंच.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत झोपेतला अडलेला श्वास होता, आणि त्यामुळे कितीतरी घरांत हे नाव प्रथमच ऐकलं गेलं. मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर चार दिवस चर्चा होते, मग विसर पडतो. तो पडू नये म्हणून साध्या गोष्टी सांगतो. प्रत्येक घोरणारा आजारी नसतो. पण घोरताना मधे श्वास थांबत असेल, गुदमरून जाग येत असेल, सकाळी डोकं जड असेल, दिवसा वर्तमानपत्र वाचता वाचता किंवा गाडी चालवताना डुलकी येत असेल, तीन-तीन गोळ्या घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर डॉक्टरांना रात्रीची हकीकत सांगा. आणि ती सांगायला रात्री शेजारी जागं असणाऱ्या माणसाला बरोबर न्या. वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं यांनीही अनेकांना फरक पडतो. पुढचं डॉक्टर ठरवतील.

आपल्या भाषेत 'दम' हा शब्द फारसीतून आला. दम म्हणजे श्वास. दम लागतो, दम घ्यावा लागतो, आणि धीर धरायचा असला तरी आपण 'दम धर' असंच म्हणतो. दिवसा दम धरणं चांगलं. रात्री झोपेत धरलेला दम मात्र धमन्यांना परवडत नाही. आज रात्री घरात कुणी घोरत असेल तर हसण्याआधी थोडं थांबा आणि दोन घोरण्यांच्या मधलं ऐका.